मारुती ८०० ला घरच्या घरी रंग: एनसी, सिंथेटिक की टू-के?

१२ जानेवारी २०२५, रविवार

गाडी मारुती ८००, २००४ ची, पांढरी, बाबांची. इंजिनाची तक्रार नाही, पत्र्याची आहे. दारांच्या खालच्या कडा, पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी आणि स्टेपनीखालचा पत्रा इथे गंज धरलाय. टपावर हात फिरवला की तळवा पांढरा होतो.

इंदुरात दोन गॅरेजांत विचारून आलो. एकाने बत्तीस हजार सांगितले, काचा-रबरं काढून. दुसरा बावीस म्हणाला, पण रबरं न काढता, टेप मारून. म्हणजे काचेखालचा गंज जिथल्या तिथे. गाडी विकायला काढली तर पन्नास-साठ हजारांच्या वर कोणी देणार नाही. म्हणून घरीच करायचं ठरवलं. जागा लोकमान्यनगरातलं आमचं पोर्च: एका बाजूला चार फूट मोकळी जागा, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत.

रंग बदलायचा विचार लगेच सोडला. आरसी बुकात रंगाचा रकाना असतो, तो बदलायचा तर आरटीओत नोंद करावी लागते. शिवाय दारांच्या आतल्या कडा, डिकी, बॉनेटखालची बाजू, सगळंच रंगवावं लागतं. पांढऱ्यावर पांढराच मारायचा.

१८ जानेवारी, शनिवार

नवा रंग कुठला हे ठरवण्याआधी जुना कुठला आहे ते कळायला हवं. त्यासाठी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचा थिनर आणि गडद फडकं पुरतं. न दिसणाऱ्या जागी थिनरचं फडकं मिनिटभर दाबून धरायचं. रंग फडक्यावर उतरला तर तो एनसी, म्हणजे पेंटर ज्याला ड्यूको म्हणतात तो. सुरकुत्या पडून फुगला तर सिंथेटिक एनॅमल. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग किंवा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग.

आमच्या गाडीत तिन्ही निघाले. टप, बॉनेट, डावी दारं: काही नाही, कंपनीचा रंग. मागचा डावा फेंडर: फडकं पांढरं, एनसी. ड्रायव्हरचं दार: पाव मिनिटात सुरकुतलं. कधीतरी कोणी त्यावर सिंथेटिक मारून दिलंय आणि आजवर ते ओळखू आलं नव्हतं.

ही चाचणी वगळू नका. सिंथेटिकवर एनसीची फवारणीची गन चालवली की एनसीतला थिनर खालच्या थरात शिरून तो उचलतो. उलट, एनसीवर सिंथेटिक चालतं.

१९ जानेवारी, रविवार

काल संध्याकाळी सियागंजला जाऊन भाव काढले, आज बसून कागद वाचले.

सिंथेटिक सगळ्यात स्वस्त. टर्पेंटाइनमध्ये पातळ होतं, ब्रश-रोलरनेही लागतं. पण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, म्हणजे सावकाश. हाताला चिकटायचं थांबायलाच काही तास जातात आणि तेवढ्या वेळात पोर्चमधली धूळ, डास, चाफ्याची पानं त्यावर बसतात. खरा कडकपणा यायला आठवडे लागतात.

एनसी नुसता थिनर उडून सुकतो. दहा-पंधरा मिनिटांत धूळ चिकटत नाही. थर पातळ, म्हणून हात पुष्कळ द्यावे लागतात आणि थिनर रंगाहून जास्त लागतो. चमक आपोआप येत नाही, घासून आणावी लागते. पेट्रोलचा थेंब त्याला सोसत नाही. उन्हात काही वर्षांनी खडू होतो. पण चूक झाली तर कधीही घासून पुन्हा मारता येतो, कारण नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सने ड्यू पाँटचा असाच रंग वापरायला सुरुवात केली ती सुकण्याच्या या वेगासाठीच. त्याआधी एकेका गाडीचा रंग सुकण्यात कारखान्याचे आठवडे जायचे.

टू-के म्हणजे रंग आणि हार्डनर. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळायचे आणि काही तासांत संपवायचे, नाहीतर गनमध्येच दगड होतो. चमक गनमधूनच येते. पेट्रोल, ऊन, पक्ष्यांची शिट, कशालाच दाद देत नाही. रंग म्हणून तिघांत सरस हाच, यात वाद नाही. मीही हाच घ्यायला गेलो होतो.

दुकानदाराला विचारलं, मास्क कुठला लागेल? तो म्हणाला, "कुछ नहीं भिया, मुँह पे गमछा बाँध लेना."

घरी येऊन हार्डनरची माहितीपत्रिका वाचली. त्यात आयसोसायनेट असतं. फवारताना त्याचे बारीक थेंब श्वासातून आत गेले की काही जणांचं शरीर त्याला कायमचं बिथरतं. त्यानंतर अगदी थोड्याशा संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. ब्रिटनमध्ये कामातून जडणाऱ्या दम्याच्या कारणांत हे फार वरचं आहे आणि गाड्या रंगवणारे त्यात पुढे. गमछा सोडाच, साध्या धुळीच्या मास्कचाही उपयोग नाही. कोळशाच्या डबीचा मास्क थिनरच्या वाफेला चालतो, पण आयसोसायनेटला ओळखू येईल असा वास नसल्यामुळे डबी कधी संपली ते नाकाला कळत नाही. बाहेरून नळीने ताजी हवा पुरवणारा मास्क आणि बंद बूथ हा खरा उपाय. पोर्चच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर आहे आणि बाबांना हिवाळ्यात इनहेलर लागतो. टू-के घरी मारायचा नाही, हे इथेच ठरलं.

राहिले दोन. बाबांचा कौल सिंथेटिकला: "रोलरने मार, ना गन ना कॉम्प्रेसर." तसं करणारे लोक आहेत आणि पातळ हात देत, मध्ये मध्ये घासत गेलं तर बरं दिसतं. वाद घालण्यापेक्षा करून बघू.

२६ जानेवारी, रविवार

भंगारवाल्याकडून चारशे रुपयांत एक जुनं बॉनेट आणलं. घासून तीन पट्टे पाडले. पहिल्यावर रोलरने सिंथेटिक, दुसऱ्यावर एनसी. तिसरा पट्टा एका ओळखीच्या पेंटरकडून त्याच्याच गॅरेजात टू-केचा मारून घेतला.

एनसीचा पट्टा सकाळी आठला मारला आणि पाच मिनिटांत त्यावर दुधाळ धुकं आलं. थिनर भराभर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतला दमटपणा ओल्या रंगात उतरतो. जानेवारीतल्या सकाळी, अंगणात दव असताना, हे व्हायचंच. दुपारी बारानंतर त्यावर नुसत्या थिनरचा हलका फवारा दिला तेव्हा धुकं गेलं. दुकानात रिटार्डर मिळतो, तो थिनरमध्ये थोडा घातला की उडण्याचा वेग कमी होतो. स्वस्तातला थिनर या बाबतीत फार दगा देतो. रंगाची भांडी धुवायला तो ठेवा, रंगात चांगल्या प्रतीचाच घाला.

९ फेब्रुवारी, रविवार

पट्टे गच्चीवर उन्हात होते. आज तपासले.

टू-के: नखाने ओरखडत नाही, पेट्रोलचा बोळा ठेवून उचलला तरी डाग नाही. अपेक्षेप्रमाणे.

सिंथेटिक: लांबून छान, जवळून रोलरचे दाणे आणि धुळीचे कण. कण घासायला गेलो तर पॉलिश पेपर चोंदला, कारण दोन आठवड्यांनंतरही आतून मऊच. नख रुततं. म्हणजे प्रत्येक हातानंतर गाडी आठवडाभर झाकून बसायचं, आणि इथे धूळ तर रोजची.

एनसी: पेट्रोलने मऊ पडला, बोळ्याची खूण उमटली. बाकी २००० नंबरच्या पेपरने पाणी मारून घासून कंपाउंड लावल्यावर तिघांत सगळ्यात सपाट हाच दिसतो.

आणखी एक गोष्ट निर्णयात मोलाची ठरली. एनसीचा उडालेला फवारा हवेतच सुकून पावडर होतो, झटकला की जातो. टू-के आणि सिंथेटिकचा ओलाच उडतो आणि पलीकडे उभ्या असलेल्या गाडीवर जाऊन चिकटतो. आमच्या गल्लीत घराघरासमोर गाड्या आहेत.

तेव्हा गाडीला एनसी. स्टेपनीखाली आणि चाकांच्या कमानींच्या आतून ब्रशने सिंथेटिक, कारण तिथे चमक कोणाला हवी आहे. आणि पेट्रोलचं झाकण सुटं काढून त्या पेंटरकडून टू-के करून आणायचं. बाबा अजून नाखूश आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

ड्रायव्हरचं दार पेंट रिमूव्हरने पत्र्यापर्यंत उघडं केलं. घाण काम. हातमोजे लागतातच, साधे पातळ नाहीत, जाड रबराचे. मागच्या फेंडरवरचा जुना एनसी चांगला चिकटून होता, तो फक्त घासला.

पुढची काच काढायला काचवाल्याला घरी बोलावलं, नवीन रबरासकट. काचेखाली बोटभर लांबीची दोन भोकं निघाली. पत्र्याचे तुकडे वेल्डिंग करून घेतले. गंज तारेच्या ब्रशने खरवडून, फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर लावून, धुऊन, हेअर ड्रायरने कोरडा केला.

मी दुपारी जेवायला आत गेलो तेवढ्यात मामांनी, पत्रा उघडा राहू नये म्हणून, घरात ग्रिलसाठी आणलेला रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाला लावायचा तांबडा प्रायमर, दारांच्या कडांना आणि काचेच्या पट्टीला मारून ठेवला. छान एकसारखा मारला होता, वाळला तर ठीक, म्हणून तसाच ठेवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रेड ऑक्साइडवर राखाडी एनसी सरफेसर, म्हणजे वरच्या रंगाआधीचा, घासून सपाट करायचा थर, मारला. दुसऱ्या हाताला कडांवर मगरीची कातडी झाली. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड हा मुळात सिंथेटिकच, त्यामुळे थिनर चाचणीत ड्रायव्हरच्या दाराचं जे झालं तेच इथे झालं. आठवडाभर वाळला होता, तरी उचलला गेला.

सगळं खरवडून पुन्हा पत्र्यावर आलो. या वेळी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नसतं, अमाइन असतं. तेही कातडीला लागू द्यायचं नाही, पण ब्रशने लावता येतो, फवारावा लागत नाही. गंज येऊ न देण्यात रेड ऑक्साइडपेक्षा पुष्कळ वरचढ. पक्का वाळला की एनसी त्याला उचलत नाही. लांबीही (पोचे भरायची पुटी) त्यावर बसते, हे महत्त्वाचं, कारण आम्लाच्या एच (एचिंग) प्रायमरवर पॉलिस्टर लांबी भरायची नसते. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या वेळी सगळ्याला रेड ऑक्साइडच चालायचा." त्यांच्या वेळी वरचा रंगही सिंथेटिकच असायचा, त्यामुळे त्यांचंही बरोबर आहे.

या प्रकरणात वेल्डिंगनंतरचं जवळपास सगळं काम दुसऱ्यांदा झालं.

२ मार्च, रविवार

पोचे ठोकून, लांबी भरून, ८०, १२०, २२० अशा पेपरने घासाई. लांबीत हार्डनर डोळ्याने घालू नका. जास्त पडला तर पुढे त्याचा डाग रंगातून वर येतो आणि पांढऱ्यावर तो पिवळा दिसतो. मी वजनकाट्यावर, दोन-तीन टक्क्यांत ठेवला.

९ मार्च, रविवार

सरफेसर पूर्ण गाडीला. जुना एक अश्वशक्तीचा, पंचवीस लिटर टाकीचा कॉम्प्रेसर साडेपाच हजारांत घेतला होता. टपावर अर्ध्यात दाब पडला आणि गन थुंकायला लागली. एवढ्याशा कॉम्प्रेसरवर एका दमात एकच पत्रा होतो: दार मारायचं, टाकी भरू द्यायची, मग पुढचं. गन सक्शनची, कमी हवा खाणारी घ्या; हवा जास्त लागणाऱ्या गन या टाकीला झेपत नाहीत.

त्यात टाकीतलं पाणी. हवा दाबली की गरम होते, नळीत गार पडली की तिच्यातलं पाणी सुटतं, आणि डाव्या दारावर तांदळाएवढे फोड आले. गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर बसवला, दर तासाला टाकीखालची चावी उघडून पाणी काढलं. नळीही लांब घेतली. त्यामुळे हवा गार होऊन पाणी फिल्टरच्या आधीच सुटतं, आणि कॉम्प्रेसर पोर्चच्या बाहेर ठेवता आला. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. एनसी आणि त्याचा थिनर भडकन पेट घेतात, मोटारीची एक ठिणगी पुरे. फवारणीच्या वेळी पोर्चला लागून असलेल्या देवघराची खिडकी बंद आणि दिवा शांत. आईने यावर वाद घातला नाही, याचं आश्चर्य वाटलं.

१२ मार्च, बुधवार

सरफेसर मुद्दाम असाच सोडलाय. एनसी सरफेसर बरेच दिवस आक्रसत राहतो. लगेच घासून रंग मारला की आत दबलेले २२० च्या पेपरचे ओरखडे महिन्याभरात वर दिसू लागतात. पट्ट्याच्या बॉनेटवर हे घडून चुकलंय.

तसंही शुक्रवारी धुळवड आणि १९ ला रंगपंचमी. गेर, म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, राजवाड्याकडे निघते, पण टाक्या आणि पिचकाऱ्या घेऊन पोरं सगळ्याच गल्ल्यांत असतात. कोवळ्या एनसीवर गुलाबी पाणी पडलं तर डाग आतपर्यंत जातो. झाकावं तर ताडपत्री रंगाला चिकटते. म्हणून वरचा रंग रंगपंचमीनंतर.

२३ मार्च, रविवार

सरफेसर ६०० ने पाणी मारून घासला, गाडी पुसून घेतली आणि बॉनेटवर पहिला हात देताच माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडले. कारण सिलिकॉन. बाबा डॅशबोर्डला जे चमकवायचं पॉलिश फवारतात ते वर्षानुवर्षं काचेच्या कडेने बॉनेटवर बसलेलं. घासून ते जात नाही, उलट पसरतं. घासण्याच्या आधी साबणाच्या पाण्याने आणि मग ग्रीस काढायच्या सॉल्व्हंटने पुसायला हवं, आणि फडकं दर पुसण्याला बदलायचं. बॉनेट पुन्हा केलं.

दुसरी अडचण उलटी. जानेवारीत दमटपणा होता, आता दुपारी पत्रा तापलेला. रंग गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंतच अर्धा सुकतो आणि रवाळ बसतो. उपाय तोच, रिटार्डर. गन जवळ धरली आणि वेळ सकाळी दहा ते बाराची ठेवली.

वेळेला आणखी एक अट होती. शेजारच्या काकूंचं वाळवण सुरू झालंय. त्यांनीच तोडगा काढला: "कुरडया खाली आणल्या की हाक मारते, मग तुझं फवारणं सुरू कर रे." त्यामुळे काही दिवस साडेअकराला सुरुवात. तक्रार करायला जागा नाही, थिनरचा वास त्यांनी दोन महिने सोसलाय.

रंग आणि थिनर निम्मे-निम्मे, शेवटच्या हातांना थिनर थोडा जास्त. ओघळ येऊ द्यायचे नाहीत म्हणून पातळ हात, प्रत्येकामध्ये पंधरा-वीस मिनिटं. कडांवर आधी एक जास्तीचा हात, कारण पुढे घासताना त्याच आधी उघड्या पडतात.

३० मार्च, रविवार

पाडवा. बाबांना गाडीला हार घालायचा होता. बंपर, दिवे, काच, सगळं सुटं. हार स्टिअरिंगला घातला.

१३ एप्रिल, रविवार

दोन आठवडे वाळू दिल्यावर १५००, मग २००० च्या पेपरने साबणाच्या पाण्यात घासाई, नंतर रबिंग कंपाउंड, शेवटी बारीक पॉलिश. हाताने. खांदे दुखून येतात. ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या घडीवर सरफेसर दिसला, तिथे टेप मारून पुन्हा तीन हात. इथे एनसीचा फायदा कळतो. जोड कुठे आहे ते आता मलाही सापडत नाही.

खर्च: कॉम्प्रेसर ५,५००, गन १,४००, एपॉक्सी १,१००, सरफेसर ९००, रंग चार लिटर २,४००, थिनर पंधरा लिटर २,७००, पेपर ८००, लांबी ३५०, मास्क, डब्या आणि हातमोजे २,१००, टेप वगैरे ५००, कंपाउंड-पॉलिश ६५०. एकूण १८,४००. काच काढणं-बसवणं, रबर, वेल्डिंग आणि पेट्रोलचं झाकण धरून चार हजार वेगळे. म्हणजे टेप मारून रंगवणाऱ्या गॅरेजच्या भावालाच येऊन टेकलो. स्वस्तात होईल या आशेवर कोणी हे काम घेऊ नये. फरक एवढाच की काचेखालचा गंज खरोखर निघाला आणि कॉम्प्रेसर घरात राहिला.

८ जून, रविवार

एप्रिल-मेचं ऊन खाऊन झालं. चमक टिकून आहे, टपावर खडू नाही. अर्थात एका उन्हाळ्यावरून एनसीबद्दल काही ठरवू नये, दर तीन-चार महिन्यांनी मेण लावणार आहे. पेट्रोलच्या झाकणावर डाग नाही, पण झाकणाखाली जिथे ओघळ येतो तिथे एक मंद रेघ उमटलीय. झाकणाबरोबर त्याखालचा वीतभर पत्राही टू-के करून घ्यायला हवा होता. पावसाळ्यानंतर तेवढा भाग पेंटरकडे नेऊन करून घेईन, एनसी तिथे पूर्ण काढून, कारण टू-केखाली जाड मऊ थर ठेवायचा नाही.

उरलेला रंग काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवलाय, झाकणाला टेप मारून. वापरलेला थिनर आठवडाभर डब्यात निवळू दिला की गाळ खाली बसतो, वरचा नितळ भाग गन धुवायला चालतो. गाळ आणि चिंध्या नाल्यात किंवा सुक्या कचऱ्यात नाही. आपल्या इंदुरातल्या कचरागाडीला घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात द्या. चिंध्या त्याआधी उघड्यावर पसरून वाळवा, बोळा करून डब्यात कोंबू नका. सिंथेटिकच्या तर मुळीच नाही, त्या आपोआप तापून पेटतात.

जांभळं पडायला लागलीत. टपावरचा डाग ओला असतानाच पुसला तर जातो.